नावं बदलली, पदार्थ तेच राहिले

आरविला हॅमंडनं चर्चमधली आपली जागा बदलली, आणि तीही मला न सांगता.

आता कुणी म्हणेल, अहो बाई, जागाच बदलली ना, तुमचं घर तर नाही पेटवलं? असं म्हणणारा माणूस आमच्या चर्चचा नाही, हे उघड आहे. आमच्याकडे माणसं मोटार बदलतात, दात बदलतात, एकदोघांनी नवरेही बदललेत आणि मंडळीनं तेसुद्धा हळूहळू पचवलं. बाक कुणी बदलत नाही. डाव्या हाताचा तिसरा बाक. खिडकीकडे मी, वाटेकडे आरविला, मधे आमच्या दोघींच्या पर्सा. नवरे होते तेव्हा तेही याच बाकावर झोपायचे. माझा बाप्तिस्मा झालेला ज्यांना आठवतो त्यांना आरविला माझ्या शेजारी बसलेलीच आठवते.

आणि त्या रविवारी ती आली, माझ्याकडे न बघता सरळ उजव्या बाजूला गेली आणि शेवटून दुसऱ्या बाकावर बसली. तिथे कोण बसतं? उशिरा येणारे, लवकर जाणारे आणि चुकून आलेले दुसऱ्या पंथाचे मेथडिस्ट. सगळ्या मंडळीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं. पुस्तक उलटं होतं, असं घरी गेल्यावर शेरिलनं सांगितलं. शेरिल माझी सून. तिला असल्या गोष्टी बरोबर दिसतात.

हे सगळं झालं पुस्तकापायी. माझ्याच.

वसंत ऋतूत आमच्या चर्चच्या तळघरात ब्रदर ट्रॅव्हिस कीन नावाचा एक माणूस स्प्रिंगफील्डहून आला. दारावर कागद लावला होता : ‘ख्रिस्ती लेखकांसाठी व्यावहारिक मार्गदर्शन’. मी लेखक व्हायला गेले नव्हते, कॉफी करायला गेले होते. मी आठवीपर्यंत शिकले. आठवीसुद्धा अर्धीच, कारण मग आईला जुळं झालं आणि माझं शिक्षण पाळण्याच्या दोरीपाशी संपलं. पण तो माणूस बोलायला लागला तशी मी कॉफीचं भांडं तिथेच सोडून खुर्ची ओढून बसले. आरविला शेजारी होतीच.

“प्रत्येकाच्या आत एक पुस्तक असतं,” ब्रदर ट्रॅव्हिस म्हणाले.

आरविला माझ्या कानाशी लागली. “फ्लॉइडच्या आत काय होतं ते डॉक्टरनं मागच्या वर्षी बाहेर काढलं. पुस्तक नव्हतं.”

फ्लॉइड म्हणजे माझा शेजारी, डुकरं पाळतो. तो पुढच्याच खुर्चीवर होता. मी इतकी हसले की कॉफी नाकातून आली. हे अशासाठी सांगते की आरविला काय चीज आहे ते कळावं. आणि आता माझ्या कानाशी कुणी लागत नाही, हेही.

ब्रदर ट्रॅव्हिस यांनी पुष्कळ सांगितलं. आधी प्रार्थना करा. रोज ठरल्या वेळी बसा. स्वतःची साक्ष द्या, उपदेश करू नका, उपदेशाला पाळक आहेत. आणि शेवटी जे सांगितलं त्यानं माझा घात झाला : “खऱ्या माणसांवर लिहिताना नावं बदला, पण तपशील खरे ठेवा. ‘एका बाईनं जेवण आणलं’ असं लिहू नका. काय आणलं? कशात आणलं? वर चीज घातलं होतं का? वाचकाला वास आला पाहिजे.”

त्यांचं बोलणं मी अगदी शब्दशः पाळलं. आयुष्यात एकदाच कुणाचं तरी शब्दशः ऐकलं, त्याचं हे फळ.

माझ्यापाशी काय होतं? बुधवारच्या प्रार्थनासभा होत्या. दर बुधवारी लोक उठून आपापली विनंती सांगतात, कुणाचा मुलगा, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचा नवरा आणि बाटली. आणि मी प्रार्थना करते. बाकीचे घरी जाऊन विसरतात, मी विसरत नाही. मला वाटलं, एवढी उत्तरं देवानं दिलीत, ती कुणीतरी जगाला सांगायला नकोत? देवाच्या गौरवासाठी, असं मी म्हणायची. त्यातला थोडा गौरव वाटेत माझ्याकडे थांबत होता, ते मी तेव्हा पाहिलं नाही. पुस्तकाचं नाव ठेवलं ‘माझ्या गुडघ्यांची साक्ष’.

मी बोलायची, शेरिल टाइप करायची. ती शाळेच्या कचेरीत काम करते, बोटं भराभर चालतात. तोंडही चालतं.

“आई, हे कोण ते लोकांना कळणार नाही का?”

“कसं कळेल? नावं बदललीत की. नॉर्माची मी झेनोबिया केली आहे.”

“पण झेनोबिया दर पंगतीला मसाला भरलेली अंडी आणते, वर लाल तिखटाची चिमूट, मोराच्या चित्राच्या ताटात. आपल्या गावात असं ताट किती जणींकडे आहे?”

“तू स्वल्पविराम बघ,” मी म्हटलं.

आता तुमच्यापैकी कुणाला पुस्तक काढायचं असेल तर पहिला धडा माझ्याकडून घ्या. पुस्तक लिहितोय हे शेजाऱ्यांना सांगू नका. फ्लॉइड कुंपणावर रेलून म्हणाला, “ओनेटा, त्यात एक घोडा घाल. घोडा असला की माणूस शेवटपर्यंत वाचतो.” मी म्हटलं, प्रार्थनेच्या पुस्तकात घोडा कुठे घालू? म्हणाला, “मग आजारी घोडा घाल.” नॉर्मा म्हणाली घटस्फोट नको, तिच्या बहिणीला त्रास होतो. आमचे पाळक ड्वेनसाहेब म्हणाले, “सिस्टर ओनेटा, मधे एखादं प्रवचन जाईल का? माझ्याकडे बरीच आहेत.” ती बरीच आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही ती बसून ऐकली आहेत.

एकट्या आरविलानं सल्ला दिला नाही. ती एवढंच म्हणाली, “खोटं लिहू नकोस म्हणजे झालं.”

मी छाती पुढे काढून म्हटलं, “माझ्या पुस्तकात खोटं?”

मग प्रकाशक. पहिल्या बाईनं फोनवर गोड आवाजात विचारलं, “तुमचे अनुयायी किती आहेत?”

मी म्हटलं, “बाई, मी कशाला अनुयायी ठेवू? येशूनं बारा ठेवले, त्यातला एक कसला निघाला, ते आपण दोघींनी वाचलंय.”

तिनं फोन ठेवला. दुसरीकडून पत्र आलं की आमच्याकडे आधीच प्रार्थनेची पुस्तकं पुष्कळ आहेत. जशी काही प्रार्थना एकदाच करून संपवायची असते. तेव्हा मी ठरवलं, आपलं आपण छापू.

छापखान्याच्या माणसानं विचारलं, “बायबलची वचनं कुठल्या भाषांतरातली?” मी म्हटलं, शेरिलला सोपं पडलं त्यातली, नवीन. तो म्हणाला, “एवढी वचनं घ्यायची तर त्या कंपनीची लेखी परवानगी लागेल. हक्क त्यांचे आहेत.”

मी कंपनीला फोन केला. तासभर संगीत ऐकलं, मग एक पोरगेला आवाज आला. मी विचारलं, “देवाच्या शब्दाचे हक्क तुमचे कसे?”

“शब्द देवाचा आहे, मॅडम. भाषांतर आमचं आहे.”

“मग देवानं तुमची परवानगी घेतली होती का, बोलायच्या आधी?”

त्यानं मला पुन्हा संगीतावर ठेवलं. शेवटी शेरिलनं सगळी वचनं काढून किंग जेम्सच्या जुन्या बायबलातली घातली. त्या राजाला जाऊन चारशे वर्षं झाली, इथे मिसूरीत तो काही हक्क मागायला येत नाही. त्यामुळे माझं पुस्तक असं झालं की देव राजदरबारात बोलतो आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यात.

मुखपृष्ठावर प्रार्थनेत जोडलेले हात हवेत, असं मी सांगितलं होतं. हात आले. सुंदर आले. नखांना लालभडक रंग. साध्या राहणीच्या बॅप्टिस्ट बाईच्या पुस्तकावर ती नखं! मी छापखान्यात ओरडले. तो म्हणाला, प्रती छापून झाल्या. रविवारी पहाटेपासून मी आणि शेरिल काळ्या पेनानं नखं रंगवत बसलो. मग ते हात गॅरेजमध्ये तेल बदलून आल्यासारखे दिसायला लागले. त्या तसल्याच प्रती घेऊन आम्ही चर्चला गेलो.

आणि आता तो दिवस.

महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे उपासनेनंतर तळघरात पंगत. प्रत्येक घरून एक पदार्थ. पुस्तकं त्याच दिवशी विकायची, ही कल्पना माझी. जेवणाच्या लांब टेबलाला लागूनच पुस्तकांचं टेबल. पाळकसाहेबांनी आधीच पाठीमागच्या पानासाठी चार ओळी दिल्या होत्या : ‘प्रत्येक विश्वासी माणसानं वाचावं असं पुस्तक.’ स्वतः एक ओळही वाचली नव्हती. पुस्तकं पटापट गेली. लोक एका हातात ताट आणि एका हातात पुस्तक घेऊन बसले. मी निळा पोशाख घालून उभी. माझी मान इतकी ताठ होती की दुसऱ्या दिवशी दुखली.

आधी शांतता झाली. मला वाटलं, भारावले.

मग पाहते तर लोक पानावरून मान उचलतात, टेबलावरच्या एका भांड्याकडे बघतात, भांड्याकडून त्या भांड्याच्या मालकिणीकडे बघतात, आणि परत पानात. फ्लॉइडनं तर बोट लावून वाचलं, उठून टेबलापाशी गेला, मोराच्या ताटातलं अंडं उचललं, वरची लाल चिमूट नीट पाहिली आणि मोठ्यानं म्हणाला, “नॉर्मा, तू नदीतल्या जुगाराच्या बोटीवर जातेस?”

इथे मला खुलासा केला पाहिजे. नॉर्मानं हे कधी सांगितलं नव्हतं. ती दर बुधवारी हात वर करून ‘माझी विनंती न बोललेली’ एवढंच म्हणायची. आमच्यात तशी मुभा असते. न बोललेली विनंती देवाला कळते, माणसांनी विचारायची नसते. मी विचारली नव्हती. मी ओळखली होती. आणि ओळखलेली लिहिली होती.

नॉर्मानं अंड्यांचं ताट उचललं आणि अर्ध्या जेवणातून घरी गेली. मग मक्याच्या भाकरीवाली गेली. मग कोंबडी-शेवयावाली गेली, भांड्यासकट. पाळकसाहेब विधुर आहेत, ते नेहमी दुकानातले डोनट आणतात. त्यांचं प्रकरण शेवटून तिसरं : ‘डोनटवाल्या सेवकाची प्रवचनं आखूड व्हावीत म्हणून मी नऊ वर्षं प्रार्थना करते आहे. उत्तर अजून आलेलं नाही.’ ते त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून वाचलं, पुस्तक मिटलं, मागच्या पानावरच्या आपल्याच चार ओळी पाहिल्या आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

आरविला खुर्चीवर बसून वाचत होती. तिच्या प्रकरणात ती ब्यूला आहे. ब्यूला पंगतीला हिरव्या लिंबाची जेली आणते, आत किसलेलं गाजर आणि कोबी. लेस्टर, तिचा नवरा, गेल्यावर वर्षभर तिला प्रार्थना करता आली नाही. रविवारी ती चर्चमध्ये मुलांना शिकवायची, प्रार्थनेला डोकं खाली घालायची आणि फरशा मोजायची. हे तिनं मला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं, वाटाणे सोलताना. प्रार्थनासभेत सांगितलेलं सगळ्यांचं असतं. स्वयंपाकघरात सांगितलेलं एकीचं असतं. हा फरक मला कळत नव्हता, असं म्हणायची सोय नाही. प्रकरणाचा शेवट मी असा केला होता : ‘मी गुडघ्यांवर राहिले, आणि ब्यूला देवाकडे परत आली.’

ज्यांच्या मुलांना तिनं शिकवलं ते सगळे तिच्याकडे बघत होते. आरविलानं पुस्तक टेबलावर ठेवलं. जेलीचं भांडं झाकलं. पर्स घेतली. माझ्यासमोरून गेली, तेव्हा मी म्हटलं, “आरविला, नाव बदललंय मी.”

ती थांबली नाही. पुढच्या रविवारी बाक बदलला.

चूक सुधारायची म्हणून मी काय काय केलं, तेही ऐका. आधी पुस्तकं परत मागायला घरोघर गेले. एकानंही दिलं नाही. म्हणे अजून वाचून व्हायचंय. आजवर मला खुशाल शिळे केक खायला देणाऱ्या बायका माझं पुस्तक मात्र सोडायला तयार नव्हत्या. फ्लॉइडला त्याची आतडी छापून आल्याचा इतका आनंद झाला होता की त्यानं सही मागितली. उरलेल्या प्रती जाळू म्हटलं, तर गावात जाळायला अग्निशमनवाल्यांचा परवाना लागतो. तिथल्या माणसानं विचारलं, “काय जाळायचंय? पाला?” मी म्हटलं, पुस्तकं. तो म्हणाला, “कसली?” मी म्हटलं, ख्रिस्ती. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पालाच म्हणून सांगून बाहेर पडले, आणि मग तेही खोटंच म्हणून परवाना घेतलाच नाही. खोकी अजून गॅरेजमध्ये आहेत.

मग पुढची पंगत. मी खाली उतरले आणि पायरीवरच थांबले. लांबच लांब टेबल, आणि त्यावर नुसत्या बटाट्याच्या चिप्सच्या पिशव्या. दुकानातल्या, न फोडलेल्या, एकसारख्या. कुणी कुठली आणली ते देवालाही कळू नये अशा. आमच्या चर्चची पंगत तीन तालुक्यांत नावाजलेली होती. माणसं मुकाट्यानं कुरकुर आवाज करत चिप्स खात होती.

आणि टेबलाच्या मधोमध, काचेच्या भांड्यात, हिरवी जेली. गाजर, कोबी, सगळं जिथल्या तिथे. सगळ्या बायकांत ती एकटीच आपला पदार्थ घेऊन आली होती. कुणी हात लावला नव्हता.

मी त्या दुपारी तिच्या घरी गेले. ती ओसरीवर झोपाळ्यात होती. तिनं बस म्हटलं नाही, म्हणून मी उभीच राहिले. मला वाटत होतं दुखणं जेलीचं आहे. कारण त्या प्रकरणात मी हेही लिहिलं होतं, की ती जेली मी वर्षानुवर्षं रुमालात गुंडाळून घरी नेते आणि कोंबड्यांना घालते.

“आरविला, जेलीबद्दल माफ कर.”

“जेलीचं मला लेस्टर होता तेव्हापासून माहीत आहे,” ती म्हणाली. “जेवून वर बाकापाशी आलो की तुझी पर्स गळायची, ओनेटा. बाकावर हिरवा डाग आहे अजून.”

मी हातातली पर्स पाठीमागे लपवली.

“मी वाटाणे सोलताना तुला सांगितलं,” ती म्हणाली. “गावाला नाही.”

“हो.”

“आणि वर ते खोटं आहे.”

“खोटं काय आहे? तू सांगितलंस तसंच...”

“शेवट खोटा आहे. तुझ्या गुडघ्यांनी आले नाही मी परत. त्या वर्षी तू रोज सकाळी माझ्या घरी यायचीस. आठवतं? न विचारता. माझीच कॉफी प्यायचीस आणि शेरिलची गाऱ्हाणी सांगायचीस. शेरिल भांडी कशी लावते, शेरिल टॉवेलांच्या घड्या कशा घालते. देवाचं नाव एकदा काढलं नाहीस. मला अंथरुणातून उठावंसं वाटायचं नाही. पण दार उघडायला उठावं लागायचं, नाहीतर तू खिडकीतून हाका मारायचीस. आणि मग ऐकता ऐकता मला त्या पोरीची दया यायला लागली. पहिली प्रार्थना केली ती शेरिलसाठी. देवा, या बाईच्या हाताखाली तिला धीर दे, म्हटलं.”

झोपाळा करकरत राहिला.

“ते लिहिलं असतंस,” ती म्हणाली, “तर मी स्वतः दारोदार पुस्तक विकलं असतं.”

मी घरी आले. शेरिल टॉवेलांची घडी घालत होती, चुकीचीच. मी शेजारी बसले आणि तिच्यासारखीच घडी घालायला लागले. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढच्या बुधवारी प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी विनंत्या विचारल्या. एकही हात वर आला नाही. पुस्तक आल्यापासून कुणी तोंड उघडत नव्हतं. तेव्हा मी उठले. गुडघे करकरले, सगळ्यांनी ऐकलं. साक्षच ती. मी म्हटलं, “माझी विनंती माझ्याचसाठी आहे. मी तुमचं घेतलं आणि माझ्या नावानं छापलं. नॉर्माचं तर तिनं दिलंही नव्हतं. मला लाज वाटते. ही विनंती बोललेली आहे, कुणालाही सांगा.” आणि बसले. मग मागून नॉर्माचा आवाज आला, “माझी न बोललेली,” आणि सगळे इतके जोरात हसले की नॉर्मासुद्धा हसली. पाळकसाहेबांची प्रार्थना त्या दिवशी आखूड झाली. उत्तर आलं, असं मी म्हणणार नाही. असं काही म्हणायचं मी सोडलं आहे.

आरविला त्या सभेला आली नव्हती.

रविवारी मी माझी उशी उचलली, डाव्या बाजूचा तिसरा बाक सोडला आणि सगळ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत उजव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या बाकापाशी गेले. आरविलानं शेजारी पर्स ठेवली होती. आमच्यात शेजारी पर्स म्हणजे जागा भरली आहे. मी उभी राहिले. वाद्य सुरू झालं, सगळे गायला उभे राहिले, गाणं संपलं, सगळे बसले, मी उभीच. पाळकसाहेब वचन वाचायचे थांबले. आरविलानं पुस्तकातून मान वर केली नाही, पण पर्स उचलून मांडीवर घेतली.

मी बसले. बाक कडक होता, वारा थेट मानेवर येत होता, आणि पाळकसाहेबांचा नुसता टक्कल पडलेला माथा दिसत होता. माझी कुजबुज गायकांच्या बाकापर्यंत जाते असं लोक म्हणतात. म्हणून त्या दिवशी कुजबुजायच्या भानगडीत पडले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

“आरविला, तू नुसता बाकच बदललास. मी तुझ्या जागी असते तर चर्च बदललं असतं.”